श्रीवर्धन ते गुहागर, आणि बाहेर गेलेल्यांची घरं

श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यात फिरलं की मोठी मोठी रंगवलेली घरं दिसतात आणि अर्ध्या खिडक्या बंद असतात, कारण घरातली कमावती माणसं कुवेत, दुबई, दम्माम नाहीतर जहाजावर. यावेळी समुद्राच्या कडेकडेने गुहागरपर्यंत जाताना मावसभावाला मुद्दाम सोबत घेतलं. तो जर्मनीला शिकायला चाललाय, आणि बाहेर गेलेल्या माणसाची काळजी कशी घेतात हे कोकणातल्या घरांना जेवढं कळतं तेवढं आपल्याकडे पुण्यात कोणाला कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

श्रीवर्धनला मित्राच्या ओळखीने एका घरी उतरलो. चाचींचे दोन्ही मुलगे दुबईला. आम्ही पोचलो तेव्हा पडवीत मसाल्याची तयारी चालली होती, मिरच्या, धणे, दगडफूल सगळं सुपात निवडून ठेवलेलं, पण ढीग दोन. मी विचारलं चाची हे वेगळं का, तर म्हणाल्या, "हा घरचा, आणि हा पोरांचा, त्यात खसखस नाय. एक दाणा पण नको तिकडे." आणि खरंच, घरचा मसाला आधी भाजला तर कढई धुवून पुसून मगच दुसरा भाजायला घेतात. खसखस अफूच्या झाडाची म्हणून अमिरात, सौदी, कतार, सिंगापूर इथे तिच्यावर बंदी आहे, बॅगेत सापडली तर ड्रग्जची केस होऊ शकते. औषधांचंही तसंच, ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी किंवा कोडीनवाली खोकल्याची बाटली आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळते पण अमिरातीत ती आधी परवानगी काढल्याशिवाय नेता येत नाही. त्यामुळे चाचींकडे प्रत्येक गोळीसोबत डॉक्टरची चिठ्ठी असते, आणि शेजाऱ्यांनी "जरा एवढं पाकीट ने ना" म्हणून दिलेलं काहीही त्यांच्यासमोर उघडल्याशिवाय बॅगेत जात नाही, मग तो सख्खा नातेवाईक का असेना. राग येतो लोकांना, येऊ दे म्हणतात. 2019 मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाईकानेच दिलेल्या पाकिटापायी कतारच्या जेलमध्ये गेलं होतं, सुटून यायला 2021 उजाडलं, तेव्हा चाचींचं अजिबात चुकत नाही.

मग त्यांनी कपाटातून दोन प्लॅस्टिकच्या फायली काढल्या, एकेका मुलाची एकेक. पासपोर्टची पहिली-शेवटची पानं, व्हिसा, तिकडच्या ओळखपत्राची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, करार, कंपनीचा पत्ता, आणि वहीच्या पानावर हाताने लिहिलेले नंबर: साहेबाचा, रूमवर राहणाऱ्या दोघांचा, त्या दोघांच्या घरचे, आणि तिकडच्या भारतीय दूतावासाचा. चाचा 1990 ला कुवेतमध्ये होते. इराकी फौज घुसली तेव्हा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिकडच्या मालकाकडे, आणि कफील गायब. बसने वाळवंटातून अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई, त्या वेळी जवळपास 1 लाख 70 हजार भारतीय असे परत आणले गेले. चाचांकडे पासपोर्टची एक चुरगळलेली झेरॉक्स होती, तिच्यावर दूतावासाने एकदाच प्रवास करता येईल असा कागद करून दिला. तेव्हापासून या घरात फाईल आहे. मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं आता आखातातल्या बहुतेक देशांत बेकायदा आहे, तरी घेतात, म्हणून झेरॉक्स घरी पाहिजेच.

आपल्याकडे मुलगा परदेशी गेला की आपण विचारतो पोचलास का, जेवलास का, थंडी आहे का. त्याच्या रूम पार्टनरचं नाव किती आईवडलांना माहीत असतं? फोन लागला नाही तर कोणाला फोन करायचा हे इथे घरी लिहून ठेवलेलं नसेल तर तिकडे तो कितीही जपून राहिला तरी अर्धी सुरक्षा गेलीच असं मला वाटतं.

बागमांडल्याहून फेरीने सावित्री ओलांडून वेसवी, मग बाणकोट, केळशी, आंजर्ले. रस्ता काही ठिकाणी फार खराब आहे पण समुद्र सोबत असतो. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघितला आणि बंदरावरच जहाजावरून रिटायर झालेले एक काका भेटले, बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. त्यांनी भावाला जवळ बसवून अर्धा तास शिकवलं, तो जहाजावर जाणार नाही हे सांगितलं तरी. जहाजाच्या नोकरीसाठी एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल नावाचं भरतीचं लायसन्स लागतं, ते त्यांच्या साईटवर दिसतं, आणि नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचेच नाहीत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जो मागतो तो चोर, एवढं साधं. चाचेगिरीचा विषय निघाला तेव्हा म्हणाले बोटीवर चढल्या दिवशी पहिलं काम म्हणजे सिटाडेल कुठे आहे ते अंधारात चालत जाऊन बघून यायचं. सिटाडेल म्हणजे आतून बंद होणारी मजबूत खोली. जानेवारी 2024 मध्ये सोमालियाजवळ लीला नॉरफोक जहाजावर हल्ला झाला तेव्हा 21 खलाशी, त्यातले 15 आपले, तसेच आत बंद करून बसले आणि आयएनएस चेन्नईने येऊन सोडवले. काका भावाला म्हणाले, "तुझ्या हॉस्टेलला पण दुसरा जिना कुठाय तो पहिल्या दिवशी बघून ठेव." त्याच रात्री लॉजवर भावाने मदद पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंदणीचा फॉर्म उघडला. परराष्ट्र खात्याचं हे पोर्टल 2015 पासून आहे आणि महत्त्वाचं म्हणजे त्यावर घरचा माणूस इथूनसुद्धा तक्रार टाकू शकतो. युरोपात इमर्जन्सीला 112, तो नंबरही आईच्या यादीत गेला.

दाभोळच्या फेरीवर एक दापोलीकडचा मुलगा भेटला, दहावी नापास, एसीचं काम येतं, सौदीला चाललाय म्हणाला. एजंटने दीड लाख मागितलेले आणि व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो म्हणालेला. मला राहवलं नाही. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआर असतो, म्हणजे सौदी धरून 18 देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी लागते, आणि नोंदणी असलेल्या एजंटला जास्तीत जास्त 30 हजार अधिक जीएसटी घेता येतात. मंजुरी घेऊन गेलास तर 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा असतो, दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये अधिक टॅक्स. व्हिजिट व्हिसावर गेलास तर यातलं काहीच नाही, तिकडे पकडला तर गुन्हेगार तूच. भावाने त्याच्या फोनवर ई-मायग्रेट, म्हणजे नोंदणी असलेल्या एजंटांची यादी असलेलं सरकारी पोर्टल, उघडून एजंटचं नाव टाकलं, यादीत नव्हतं. स्पेलिंग बदलून परत टाकलं, तरी नाही.

मुलगा जरा वेळ कठड्याला धरून उभा राहिला, मग वडलांना फोन लावला, रेंज येत-जात होती म्हणून मोठ्याने बोलत होता, "बाबा, उद्या त्याला पैसे देऊ नका, पासपोर्ट पण देऊ नका, मी घरी येतो मग बोलू."