ते गाणं ऐकतायत

बाबा हळदीचे बाजारभावसुद्धा डोळे मिटून ऐकायचे.

मिरज जंक्शनवर तिकीट खिडकीत त्यांची नोकरी. दिवसभर जाळीपलीकडून आवाज. हुबळीची दोन द्या, कोल्हापूरचं एक, सुट्टे नाहीत, गाडी किती लेट. घरी आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन ते रेडिओशेजारच्या लोखंडी खुर्चीत बसायचे आणि आकाशवाणीचं सांगली केंद्र लावायचे. आमचं घर दोन खोल्यांचं आणि माणसं सात. पण त्या अर्ध्या तासात बाबांच्या खुर्चीभोवती कुणीतरी खडूनं रिंगण आखून ठेवल्यासारखं असायचं. प्रगतिपुस्तक सहीला न्यायचं नाही, रॉकेल संपल्याचं सांगायचं नाही. आई दारातच अडवायची, "आत्ता नको. ते गाणं ऐकतायत."

गाणं असायचंच असं नाही. कधी नाट्यगीत, कधी भावगीत, आणि शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की हळदीचे नाहीतर गुळाचे भाव. बाबांचा चेहरा तसाच. मान किंचित तिरकी, डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं मांडीवर. राजापुरी हळदीचा दर ते भैरवी ऐकावी तसा ऐकायचे. मला वाटायचं, आपले बाबा केवढे जाणकार! बाजारभावातलं संगीत त्यांना कळतं आणि आपल्याला कळत नाही, याचं मला चक्क वाईट वाटायचं.

गाणं का आवडतं, असं कुणाला विचारलं की सूर, शब्द, चाल, आवाजातला दर्द अशी उत्तरं येतात. खोटी नसतात ती. पण पाहुण्यांसाठी फडताळात ठेवलेल्या कपबशांसारखी असतात. रोजचा चहा आपण कान तुटलेल्या वेगळ्याच कपातून पितो, आणि तो काही कुणासमोर काढत नाही.

आईचंच बघा. तिच्यासाठी रेडिओ म्हणजे घड्याळ. सकाळी केंद्र सुरू होताना आकाशवाणीची ती ओळखीची धून लागायची, तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिन. शिवरंजनीच्या वळणाची ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकारानं बांधलेली. हिटलरच्या भयानं युरोप सोडून तो १९३४ साली मुंबईत आला आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर बरीच वर्षं होता. घरदार मागे टाकून आलेल्या माणसाची ती धून मला आता ऐकवत नाही, इतकी एकटी वाटते. आईला ती ऐकली की दूध आठवायचं. गेल्या दिवाळीत मी मोबाइलवर ती शोधून तिला ऐकवली. म्हटलं, आई जरा हळवी होईल. ती ताडकन उठली आणि गॅस बघून आली.

गाण्यांची नावं तिला कधीच ठाऊक नसत. "ते गं, तुझा डबा भरताना लागायचं ते," ही तिची खूण. तिच्याकडे सगळी गाणी अशीच लावलेली आहेत. हे कणीक मळतानाचं, हे धुणं वाळत घालतानाचं, हे तुझ्या मावशीच्या बाळंतपणात दवाखान्यासमोरच्या हॉटेलात वाजायचं ते. त्या शेवटच्या गाण्यात नायक-नायिका बागेत बागडतात, पण आईला ते लागलं की काळजी वाटते.

आजी कवठेमहांकाळकडची. तिला जात्यावरच्या ओव्या येतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण जातं माळ्यावर गेलेलं आणि दळण गिरणीत. कॉलेजात असताना मी वही घेऊन तिच्यापुढे बसले, "म्हण की आजी." आजी गप्प. "अशी कशी येईल? जातं कुठंय?" म्हणाली. मग थोड्या वेळानं तिनं एक पाय पसरला, फरशीवर मूठ टेकवली आणि हात गोल फिरवायला लागली. चार-पाच फेऱ्या रिकाम्या गेल्या आणि मग ओवी आली. तिच्या मागून दुसरी, तिसरी. हात थांबला की ओवी थांबायची.

त्यांत सासू होती, न येणारा भाऊ होता, लांबचं माहेर होतं. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, हे सगळं त्या दगडाला सांगितलेलं. सासूविरुद्ध एरवी अवाक्षर काढायची सोय नव्हती. ओवीत काढलं तर ते गाणं, त्याला कोण काय म्हणणार? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हा आकडा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की केवढ्या बायकांना केवढं बोलायचं होतं.

मिरजेत राहून गाण्याचे असे खासगी कप बघायचे तर सतारमेकर गल्लीसारखी जागा नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरांतून पुष्कळ छापून आलं. आम्ही शाळेत जायचो ते त्याच गल्लीतून. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठाले भोपळे वाळत टांगलेले असायचे आणि कुठून तरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज यायचा. तिथले एक चाचा जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला गुंजारव, लावण्यात वाकबगार. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा असतो. तो केसभर इकडेतिकडे सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा सरकवायचा. एका क्षणी मघापर्यंत मुका असलेला तंबोरा एकदम बोलायला लागायचा.

दरवर्षी मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात गाण्याची सभा होते, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना खाँसाहेब गेले. त्यांची कबर याच आवारात आहे. मोठमोठे गवई तिथे येऊन गाऊन जातात. चाचा नेमानं यायचे आणि एका बाजूला, गवई नीट दिसणारही नाही अशा जागी बसायचे. एकदा कार्यक्रमानंतर बाबांनी विचारलं, "काय चाचा, कसं झालं गाणं?" चाचा म्हणाले, "गाणं होय? असेल चांगलं. डावीकडच्या तंबोऱ्याची जवारी गेलीये, दुसऱ्या अंतऱ्यापासनं माझं लक्षच लागलं नाही." सगळे समेवर माना डोलवत होते तेव्हा हा माणूस एका दोऱ्याच्या काळजीत होता. आणि मी सांगते, त्या मांडवात त्यांच्याइतकं रंगून कुणी ऐकत नव्हतं.

माझी स्वतःची कारणं तर सांगायलाही लाज वाटावी अशी. पुण्यात शिकायला गेले आणि सवाई गंधर्व महोत्सवाला जाणं ओघानं आलं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव तेव्हा रात्रभर चालायचा. डिसेंबरची थंडी, शाली, थर्मास, मैदानावर बैठक. तानसेन नाही तर निदान कानसेन व्हावं म्हणून मी गेले आणि पहाटे तीनच्या सुमारास झोपले. अशी झोप मला त्याआधी लागली नव्हती आणि त्यानंतरही नाही. हॉस्टेलमध्ये चौघींच्या खोलीत कुणाचा ना कुणाचा दिवा चालू असायचा, आणि डोक्यात पैशांचे हिशेब. इथे हजारो माणसं जागी होती, स्वर संथ चालले होते, म्हणजे आता माझी जागं राहण्याची पाळी नव्हती. सकाळी बघते तर शेजारच्या अनोळखी काकूंच्या खांद्यावर माझं डोकं. मी ओशाळून उठले. त्या म्हणाल्या, "असू दे गं. भैरवीला उठलीस ना, झालं तर." कुठल्या गवयाच्या गाण्यात मी झोपले हे अजून कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

दुसरं कारण कॅसेटच्या काळातलं. नोकरीसाठी मुलाखतींवर मुलाखती चालल्या होत्या आणि सगळीकडून नकार. त्या दिवसांत मी एक गाणं इतक्या वेळा ऐकलं की त्या जागी फीत पातळ होऊन आवाज थरथरायला लागला. पेन्सिलीनं रीळ मागे फिरवायचं आणि पुन्हा लावायचं. गाणं फार थोर नव्हतं. पण ते चालू असताना डोळ्यांत पाणी आलं तर मैत्रिणी म्हणायच्या, "फार लागतं ना गं हे गाणं!" माझं रडणं गाण्याच्या खात्यावर जमा व्हायचं आणि मला काही खुलासा द्यावा लागायचा नाही. आजीच्या जात्यात आणि माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये तसा फारसा फरक नव्हता.

शास्त्रज्ञांनीही या प्रांतात डोकावून पाहिलंय. २०११ साली कॅनडात माँट्रियलच्या संशोधकांनी काही जणांना त्यांच्या आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि त्यांचे मेंदू तपासले. काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य पाझरतं. पण गंमत अशी की त्याच्या काही सेकंद आधी, आता ती जागा येणार अशी वाट बघतानाही ते मेंदूच्या दुसऱ्या एका भागात पाझरत असतं. हे वाचून मला मिरजेचे श्रोते आठवले. तिहाई, म्हणजे समेवर पोचणारी तीनदा घेतलेली जागा, सुरू झाली की हात आधीच वर जातो, भुवया आधीच उंचावतात. सम मागाहून येते. रेडिओवर फर्माइशीचं गाणं कधी लागेल म्हणून आपण तासतासभर ताटकळायचो, ते काही वाया गेलं नाही म्हणायचं. आता बोट लावलं की हवं ते गाणं लागतं, आणि मी अर्ध्यातच पुढचं लावते.

आईबाबा आता आमच्याकडे पुण्यात असतात. बाबा चौऱ्याऐंशीचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना श्रवणयंत्र घेतलं. बोलणं त्यांना बरं ऐकू येतं त्यातून, पण गाण्याबद्दल तक्रार. "सतार पत्र्यावर वाजवल्यासारखी येते," म्हणतात. यंत्र तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ही यंत्रं मुळात बोलण्यासाठी जुळवलेली असतात, गाणं त्यातून थोडं बिघडतंच. मी गाण्यासाठीचं वेगळं सेटिंग करून घेतलं, चांगला स्पीकर आणला. संध्याकाळी चहा झाला की माझी मुलगी त्यांना मोबाइलच्या अ‍ॅपवर आकाशवाणी लावून देते आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. आमची खोल्यांची संख्या वाढलीये, पण त्या अर्ध्या तासाचं रिंगण तेवढंच आहे.

परवा विजेच्या बिलाचं काहीतरी विचारायला मी त्यांच्याकडे निघाले होते. मुलीनं मला बाही धरून ओढलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं. चष्म्याच्या घराशेजारी श्रवणयंत्र काढून ठेवलेलं होतं, दोन्ही कानांचं. त्याशिवाय त्यांना दाराची बेलही ऐकू येत नाही. बाबांची मान किंचित तिरकी होती, डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं मांडीवर हलकेच हलत होती. स्पीकरवर कुणीतरी उसाच्या ठिबक सिंचनाबद्दल सांगत होतं.

मी तरी पुढे झाले. आईनं दारातच अडवलं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "ते गाणं ऐकतायत."