जांभळ्याचा निळा होताना

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोपायला हवं, पण दुपारचा रंग डोळ्यांसमोरून हलत नाही.

आज जांभळ्या पटलाच्या द्रावात विरल सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घालत गेले. हे पटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, हॅलोबॅक्टेरियम सॅलिनॅरमचं, म्हणजे मिठाने गच्च पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवाचं. त्यात प्रथिन असं एकच, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, दाटीवाटीने बसलेलं. प्रकाशाच्या जोरावर पेशीतले प्रोटॉन बाहेर टाकणं हे त्याचं काम. सामू सातवरून सहा, पाच, चारवर आला तरी रंगात काही फरक नाही. तीनच्या खाली गेले आणि नळीतला जांभळा आधी निळसर, मग चक्क निळा झाला. प्रकाश शोषण्याचं 568 नॅनोमीटरचं शिखर 605 च्या आसपास सरकलं. आलेख राहिला बाजूला, मी नळीच उजेडात धरून बघत बसले.

आम्लाने प्रथिन मोडलं, असं मला आधी वाटलं. मग अल्कली घातली, तर जांभळा परत आला! मोडलेलं असं परत येत नाही.

झालं काय असावं, ते लिहून काढल्याशिवाय मला उमगत नाही. 248 अमिनो आम्लांची साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते. 216 व्या लायसिनला रेटिनल, म्हणजे प्रकाश शोषणारा रंगद्रव्याचा रेणू, जोडलेलं असतं आणि त्या जोडावर एक प्रोटॉन बसलेला असतो. प्रकाश पडला की रेटिनल 13 व्या कार्बनपाशी वळतं आणि जोडावरचा प्रोटॉन 85 व्या ॲस्पार्टिक आम्लाकडे जातो. ते ऋणभारित असतं, म्हणून तिथे जागा असते. मग पेशीच्या आतल्या बाजूने 96 वं ॲस्पार्टिक आम्ल जोडाला नवा प्रोटॉन देतं. सगळी फेरी साधारण 10 मिलिसेकंदांची.

निळ्या द्रावात ती 85 ची जागा आम्लातल्या प्रोटॉनने आधीच भरलेली असते. प्रकाश पडतो, रेटिनल वळतंही, पण जोडावरच्या प्रोटॉनला उतरायला ठिकाणच नाही. लेझरच्या झोतानंतर 412 नॅनोमीटरला, जिथे प्रोटॉन सोडलेल्या अवस्थेची खूण दिसायला हवी, तिथे माझी रेषा सपाट होती. शेजारचा ऋणभार गेला, म्हणून रेटिनल आता जास्त लांब तरंगलांबी शोषतं. म्हणजे तो निळा रंग एका भरलेल्या जागेचा रंग होता. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

खरं तर मला त्याहून जास्त भावलं ते सामू पाचचं मोजमाप, जिथे रंग मुळीच बदलला नव्हता. तटस्थ पाण्यात हे प्रथिन आधी बाहेर प्रोटॉन सोडतं आणि मग आतून घेतं. तो सोडण्याचं काम बाहेरच्या तोंडाशी असलेली 194 आणि 204 ही ग्लुटामिक आम्लं आणि त्यांच्याभोवतीचं पाणी करतात. सामू सहाच्या खाली गेला की बाहेर प्रोटॉनची गर्दी असते आणि ही मंडळी आपला प्रोटॉन धरून ठेवतात. मग क्रम उलटतो: आधी आतून घेणं, आणि फेरीच्या अगदी शेवटी 85 कडचा प्रोटॉन बाहेर. दिशा तीच राहते, फक्त पाळी बदलते. वहीत या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली आहे.

याच प्रथिनाचं भावंड, समुद्री जिवाणूंमधलं प्रोटिओऱ्होडॉप्सिन, 2000 साली उजेडात आलं. त्यात हीच जागा 97 व्या ॲस्पार्टिक आम्लाची आहे, आणि ती सामू सातच्या आसपासच भरायला लागते. समुद्राचं पाणी साधारण आठचं, म्हणून तिथे निभतं. आम्लात हे प्रथिन प्रोटॉन उलट दिशेने नेतं, असं काही प्रयोगांत दिसलं. इतरांना तसं काही आढळलं नाही. अशा वादात मला बाजू घ्यायची घाई नाही. पटलाच्या दोन्ही बाजूंचा सामू वेगवेगळा धरून मोजणं किती अवघड असतं, ते आता हातांना माहीत आहे.

उद्या निळ्या द्रावात क्लोराइड वाढवायचं आणि सामू आणखी उतरवायचा. तेव्हा जांभळा पुन्हा येतो, आम्ल कमी न करता. आज मुद्दाम हायड्रोक्लोरिक टाळलं होतं ते याचसाठी. नळी फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली आहे.