लुआंग प्रबांग सायकल प्लॅन, अपडेट ३: घाट रद्द, आता दोन नद्या

मंडळी, दीड महिना काही लिहिलं नाही कारण प्लॅनच मुळापासून बदललाय. आधीचा प्लॅन आठवत असेल तुम्हाला, लाओसमधल्या लुआंग प्रबांगला उतरायचं, एक दिवस आराम, आणि मग रूट १३ ने फू खूनचा घाट चढून तीन दिवसांत व्हांग व्हिएंग, तिथून ट्रेनने परत. महिनाभर त्याचे नकाशे काढत बसले होते मी. एका रविवारी वहिनीला सगळं दाखवलं, तिने शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "अगं पण आपण नदी बघायला चाललोय ना, मग दुसऱ्याच दिवशी नदीकडे पाठ करून डोंगरात का शिरायचं?"

मला उत्तरच सुचलं नाही, कारण खरंच होतं ते. हा सगळा विषय सुरू झाला तोच मेकाँग नदीमुळे. लाओ भाषेत नदीला 'मे नाम' म्हणतात, मे म्हणजे आई आणि नाम म्हणजे पाणी, हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती (माहेर कराडचं, कृष्णामाई म्हणतच वाढलेली) लगेच म्हणाली, मग जायलाच पाहिजे.

तर नवीन प्लॅन असा की सहा रात्री एकाच गेस्टहाऊसमध्ये, रोज सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत तिथेच. सामान लादून चालवायचं नाही, पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) नाहीत. ज्यांनी नकाशा बघितला नाहीये त्यांच्यासाठी सांगते, जुनं गाव म्हणजे मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या मधली जमिनीची एक जीभ आहे, जेमतेम किलोमीटरभर लांब, आणि टोकाला संगम. १९९५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. त्यामुळे गावात चालवायला असं काही नाही, चक्कर दहा-पंधरा मिनिटांत संपते, खरी मजा पाणी ओलांडून पलीकडे गेल्यावर आहे. आणि पलीकडे कसं जायचं हे नदीच्या पातळीवर ठरतं, हे मला उशिरा कळलं.

सॅटेलाइट नकाशावर जुने फोटो बघता येतात ना, तिथे संगमाजवळ नाम खानवर झूम करत होते. एका फोटोत पात्र बारीक झालेलं, दोन्हीकडे वाळू, आणि मधून केसाएवढी एक फिकट रेघ पलीकडे गेलेली. पुढच्या फोटोत रेघ गायब, काठापासून काठापर्यंत नुसतं तांबूस पाणी. ती रेघ म्हणजे बांबूचा पूल. पावसाळा संपून पाणी उतरलं की गावातले लोक तो बांधतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढून ठेवतात, दरवर्षी नव्याने. थोडा टोल घेतात, त्यातूनच पुढच्या वर्षीचा बांबू येतो. त्यावर चालवायचं नाही, हातात धरून ढकलत न्यायची सायकल. एका मिनिटाचं काम असेल, पण मी आख्खी ट्रिप त्या रेघेभोवती लावलीये, म्हणून डिसेंबरचा पहिला आठवडा.

डिसेंबरची आणखी कारणं आहेत. पावसाळ्यात कुआंग सी धबधब्याचं पाणी मातकट होतं, तो फिरोजी रंग चुनखडीमुळे येतो आणि तो पाणी निवळल्यावरच दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये शेतं आणि रानं जाळतात, सगळ्या खोऱ्यात धूर भरलेला असतो, त्या हवेत चढ चढायचा म्हणजे छातीचे हाल. आणि कोरड्या महिन्यांत नदी खाली गेली की उघड्या पडलेल्या उतारावर लोक भाजीचे वाफे घालतात, नदीतलं हिरवं शेवाळ गोळा करून त्याच्या पातळ पापडासारख्या चादरी उन्हात वाळवतात, वर तीळ, लसूण, टोमॅटोचे काप. त्याला कायपेन म्हणतात. मला ते वाळत घातलेलं बघायचंय आणि अर्थात खायचंय.

आता दिवसांचं सांगते. पहिला दिवस हलका, बांबूच्या पुलावरून पलीकडे, पुढे बान सांग खाँग, तिथे तुतीच्या सालीचा कागद करतात आणि हातमाग आहेत. परत येताना जुन्या फ्रेंच लोखंडी पुलावरून, त्यावर मोठ्या गाड्या येत नाहीत. दुसऱ्या दिवशी नाम खानच्या काठाने बान फानोमवरून पुढे आंरी मुओच्या कबरीपर्यंत. हा फ्रेंच निसर्ग अभ्यासक, कंबोडियातल्या अंगकोरच्या जुन्या मंदिरांबद्दल लिहून युरोपभर कुतूहल जागवणारा, १८६१ मध्ये इथेच तापाने गेला. कबर नदीकाठी झाडीत आहे, गावापासून दहाएक किमी. तिसऱ्या दिवशी राजवाड्यामागच्या धक्क्यावरून फेरीने मेकाँग ओलांडून चोमफेतच्या बाजूला, तिकडे गल्लीबोळ आणि जुने विहार, किलोमीटर मोजायचेच नाहीत.

चौथा दिवस मोठा, कुआंग सी. जाऊन-येऊन ६० किमी. ज्यांना वाटतं ६० म्हणजे काय, त्यांना सांगते की हा रस्ता सपाट नाही, एक टेकडी उतरली की दुसरी समोर, आणि परत येताना तेच सगळं उलट, डोक्यावर ऊन घेऊन. म्हणून पहाटे आवरून ठेवायचं पण निघायचं साडेसहानंतर, कारण त्याआधी रस्त्यावरून भिक्खूंची भिक्षाफेरी जाते. लोक गुडघे टेकून चिकट भाताचे घास वाटत असतात, त्या शांततेतून घंटी वाजवत, लाइट मारत जाणं मला पटत नाही, थांबायचं आणि लांबून बघायचं. वाटेत म्हशीच्या दुधाची डेअरी आहे. लाओसमध्ये म्हशीचं दूध काढायची पद्धत नव्हती, तिथे शेतकऱ्यांना ते शिकवलं गेलं, तर आम्हा म्हशीच्या दुधावर वाढलेल्या बायकांना तिथे थांबावंच लागेल. धबधब्याशी काळ्या अस्वलांचं सुटका केंद्र आहे, तेही बघायचंय. परतीला वहिनी थकली तर सायकली टुकटुकच्या टपावर टाकून यायचं, हे आधीच ठरवलंय म्हणजे तिथे वाद नको.

पाचवा दिवस पाक ऊ. नाम ऊ नदी मेकाँगला मिळते तिथे समोरच्या कड्यात गुहा आहेत, आत हजारो बुद्धमूर्ती. आम्ही सायकलने जाणार, साधारण २५-३० किमी, आणि जमलं तर सायकली बोटीत घालून प्रवाहाबरोबर परत. या दिवसाबद्दल मन थोडं जड आहे. गावापासून साधारण २५ किमी वर, म्हणजे त्याच भागात, १४६० मेगावॉटचं लुआंग प्रबांग धरण बांधलं जातंय. खालच्या बाजूला सायाबुरी धरण २०१९ पासून चालू आहेच. वरून आणि खालून दोन्हीकडून अडवल्यावर ही नदी आत्तासारखी चढेल-उतरेल का, वाळू, वाफे, शेवाळ राहील का, याची मला खरंच काळजी वाटते. पुढच्या वर्षी बघू असं आम्ही दोन वर्षं म्हणत होतो, ते बंद केलं त्याचं हेही कारण.

सहावा दिवस मोकळा ठेवलाय.

सायकलचं म्हणाल तर स्वतःची न्यायची नाही असं ठरलं, तिथे गिअरवाल्या एमटीबी (माउंटन बाइक) भाड्याने मिळतात. पण सीट आणि पेडल स्वतःची नेणार. सीटपोस्ट (सीटखालची नळी) नाही, फक्त सीट, कारण पोस्टचे व्यास वेगवेगळे असतात पण सीटच्या खालच्या दांड्या बहुतेक कुठल्याही क्लॅम्पमध्ये बसतात. गेल्या शनिवारी हॉलमध्ये पेपर अंथरून प्रॅक्टिस केली. उजवं पेडल पटकन निघालं, डावं काही हलेना. वहिनी १५ नंबरच्या पान्यावर अक्षरशः उभी राहिली होती तेव्हा माझ्या लक्षात आलं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आम्ही इतका वेळ ते आवळत होतो! मग दोन थेंब तेल सोडलं, दहा मिनिटं थांबलो, उलट्या दिशेला जोर दिला, कट् आवाज आला आणि सुटलं. परत लावताना आट्यांना ग्रीस लावलं. हे घरी झालं ते बरं, तिथे पहिली सकाळ त्यातच गेली असती.

तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून आरसा हँडलच्या डाव्या टोकाला. आणि भाड्याची सायकल हातात घेतल्यावर आधी कुठला ब्रेक पुढचा ते हळू दाबून बघायचं, आपल्याकडे उजवा पुढचा असतो, तिथे उलट असू शकतो आणि उतारावर सवयीने हात जातो. तिसरा नियम मी कागदावर लिहून हँडलबार बॅगेत ठेवलाय, मळलेली वाट सोडून झाडीत जायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. १९६४ ते १९७३ मध्ये या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले आणि न फुटलेले अजून जमिनीत आहेत. गावात त्याची माहिती देणारं केंद्र आहे, तिथे पहिल्याच दिवशी जाणार.

ट्रेनिंग पानशेत रस्त्यावर चालू आहे, खडकवासल्याच्या पाण्याकडेने तसेच चढउतार मिळतात. परवा वहिनीने पहिल्यांदा ८० किमी पूर्ण केले, दोन वर्षांपूर्वी ती पंचेचाळिसाव्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल शिकली होती. खानापूरला चहा घेताना म्हणाली, पाय ठीक आहेत, तळहात दुखतायत. मग सीटचं नाक अगदी किंचित वर केलं, पुढे घसरून सगळं वजन हातावर येत होतं. पुढच्या रविवारी बघू फरक पडतो का.

डिसेंबरच्या सकाळी तिथे दाट धुकं असतं. कुणी त्या दिवसांत कुआंग सीच्या रस्त्यावर चालवलं असेल तर सांगा, मागचा साधा ब्लिंकर (लुकलुकणारा दिवा) पुरतो का, की रिफ्लेक्टर जॅकेट घालूनच निघायचं?