वार एकच, तिथी दोन

मी इस्रायलमध्ये टूर गाईड आहे, सरकारी लायसन्सवाली, घर लोदला. आम्ही मूळचे रायगडकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाकडे ज्यांना शनिवार तेली म्हणायचे ते आम्ही. मी बारा वर्षांची असताना घरचे इकडे आले पण घरात बोलणं अजून मराठीच, त्यामुळे महाराष्ट्रातनं चर्चचा ग्रुप आला की ऑफिसवाले डोळे झाकून माझ्याकडे पाठवतात. शेकड्याने ग्रुप झाले असतील पण २०१५ च्या ३ एप्रिलचा दिवस काही केल्या विसरत नाही, म्हणून नीट लिहून ठेवतेय.

त्या दिवशी गुड फ्रायडे होता. आणि त्याच संध्याकाळी आमचा पेसाख लागणार होता, म्हणजे मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हणतात तो, मिसरातल्या गुलामीतनं सुटल्याचा सण, त्या रात्री कोकराचं रक्त दारांना लावलं होतं. वर शुक्रवार, म्हणजे शब्बाथही, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, त्याच सूर्यास्ताला. अशा दिवशी मी खरं तर काम घेतच नाही, घरी इतकं असतं, पण ग्रुप नगर जिल्ह्यातला होता, चाळीस माणसं, बरीचशी साठीच्या पुढची, मराठीशिवाय दुसरं येत नाही, म्हणून तीन वाजता सोडायचं या अटीवर हो म्हटलं.

ग्रुपचा मुक्काम बेथलेहेमला. तिथे इस्रायली म्हणून मला जाता येत नाही, त्यामुळे चेकपोस्टच्या अलीकडे सकाळी बसमध्ये चढले. सलाम ताई, सलाम ताई असं सगळ्यांनी केलं आणि मी माईक हातात घेते न घेते तोच दुसऱ्या सीटवरचे एक रिटायर्ड गुरुजी वही घेऊन उभे. वहीत पट्ट्यानं आखलेला तक्ता, रविवार ते रविवार, प्रभू येशूच्या शेवटच्या आठवड्याचा, आणि आडवे चार रकाने, मत्तय मार्क लूक योहान, बायबलात येशूचं चरित्र सांगणारे चौघे. सहा महिने बसून भरलाय म्हणाले. आणि तो जुळत नव्हता.

शेजारी पाळकसाहेब होते, ते म्हणाले गुरुजी आज नको, आज दुःखाचा दिवस आहे. तर गुरुजी म्हणाले, "आजच विचारायचंय. ताई ज्यू आहेत. वल्हांडण त्यांच्या घरी होतो, आपल्या नाही."

सांगायला हवं की या प्रश्नाला माझ्याकडे वर्षानुवर्षांचं एक तयार उत्तर होतं, गुरुवारी रात्री वल्हांडणाचं जेवण, शुक्रवारी वधस्तंभ, चला पुढे. लोकांच्या श्रद्धेत आपण बोट घालू नये असं मला वाटायचं आणि अजूनही वाटतं. पण या माणसाला ते उत्तर देणं म्हणजे फसवणं झालं असतं, त्याची वही समोर होती.

म्हटलं यरुशलेमसमोरच्या जैतुनाच्या डोंगरावर पोचू द्या, मग बोलू.

वाटेत खिडकीतनं सगळ्यांना धूर दिसायला लागला, प्रत्येक कोपऱ्यावर डबे पेटवलेले, पोरं घरातनं उरलेला पाव आणून टाकताहेत. कोणीतरी घाबरून विचारलं दंगल आहे का. नाही हो, म्हटलं, खमीर जाळताहेत, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं सगळं. आज सकाळी साडेदहाच्या आसपास खमिराचं खाणं बंद होतं, राहिलेलं दुपारच्या आत जाळून टाकायचं, उद्यापासून सात दिवस बेखमीर भाकर. बस एकदम शांत झाली. "बेखमीर भाकरीचा सण" हे शब्द या लोकांनी जन्मभर वाचलेत, पण त्याचा धूर कोणी बघितला नव्हता.

डोंगराच्या उतारावर, येशू शहराकडे बघून रडला त्या जागी एक चर्च आहे, अश्रूच्या आकाराचं, १९५५ साली बांधलेलं. त्याच्या बागेतनं समोर किद्रोनचं खोरं आणि पलीकडे ज्यूंच्या जुन्या मंदिराचा अख्खा चौथरा दिसतो, आता तिथे सोनेरी घुमट आहे. एरवी मी इथे पाच मिनिटं थांबते, त्या दिवशी पाऊण तास बसलो, गर्दी असून.

गुरुजींनी एकेक वार काढला. रविवारी गाढवावर बसून प्रवेश. मार्क म्हणतो मंदिरात गेला, सगळीकडे बघितलं आणि उशीर झाला म्हणून जवळच्या बेथानी गावाला परत. सोमवारी वाटेत अंजिराचं झाड, मग मंदिरातनं विकणाऱ्यांना हाकललं. मंगळवारी झाड वाळलेलं दिसलं, मग दिवसभर शास्त्री आणि परूशी या धर्मपंडितांचे प्रश्न, आणि संध्याकाळकडे याच डोंगरावर बसून शेवटच्या काळाचं बोलणं. मत्तय मात्र मंदिर पहिल्याच दिवशी साफ करतो. आणि योहान तर ते आठवड्यात ठेवतच नाही, दुसऱ्या अध्यायातच उरकतो, आधीच्या एका वल्हांडणाला. बेथानीत बाईनं सुगंधी तेल ओतलं ते योहानात वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, मार्कात दोन दिवसांवर सण आला असताना. बुधवार तर जवळजवळ कोराच.

हे सगळं मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, गुरुजी, यातलं काही मला फारसं अडत नाही, लिहिणारा आपल्या परीनं गोष्टी लावतो. तुमची खरी अडचण गुरुवार-शुक्रवारची आहे. ते म्हणाले हो. वहीत त्या दोन रकान्यांत इतकं खोडलं होतं की कागद फाटायला आला होता.

मार्क सांगतो, वल्हांडणाचं कोकरू मारायच्या दिवशी शिष्यांनी विचारलं जेवणाची तयारी कुठे करू, आणि रात्री जेवले. म्हणजे शेवटचं भोजन हेच वल्हांडण. योहान सांगतो की भोजन सणाच्या आधीचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येशूला रोमी सुभेदार पिलाताकडे आणलं तेव्हा आणणारे लोक सरकारवाड्यात शिरलेच नाहीत, का तर विटाळ होईल आणि वल्हांडण जेवता येणार नाही. म्हणजे त्यांचं जेवण अजून व्हायचंय! मग प्रभू आदल्या रात्री काय जेवला?

मी म्हटलं, आपल्याकडे वार आणि तिथी वेगळी असते ना? पंचांगात एकाच वारी दोन तिथ्या येतात ना? इथेही तसंच धरा. आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. कोकरू कापायचं निसान महिन्याच्या १४ तारखेला दुपारी, आणि खायचं अंधार पडल्यावर, पण तोवर १५ लागलेली असते. आता बघा. शुक्रवार चौघांनाही मान्य आहे, शब्बाथाच्या आदला दिवस, त्यात वाद नाहीच. वाद तिथीचा आहे. मार्काप्रमाणे तो शुक्रवार १५ निसान, रात्री जेवण झालं आणि सणाच्या दिवशीच वधस्तंभ. योहानाप्रमाणे तो शुक्रवार १४, म्हणजे तयारीचा दिवस, आणि सण लागणार शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाबरोबर, म्हणून तर तो लिहितो की तो शब्बाथ मोठा होता.

गुरुजी गप्प. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आजच्यासारखं." मी म्हटलं हो गुरुजी, अगदी आजच्यासारखं, आज शुक्रवार, आज १४ निसान. मागून एक मावशी म्हणाल्या उद्या हनुमान जयंती, म्हणजे पौर्णिमाच की. बरोबर, निसानची पंधरा म्हणजे पौर्णिमाच.

आणि मग मी समोर बोट दाखवलं. त्या चौथऱ्यावर वेदी होती. जोसीफस, त्याच शतकातला ज्यू इतिहासकार, लिहितो की वल्हांडणाची कोकरं नवव्या तासापासून अकराव्यापर्यंत कापायचे, म्हणजे दुपारी तीन ते पाच, आणि एका वर्षी मोजली तर अडीच लाखांवर भरली. आकडा फुगवलेला असेल पण गर्दीची कल्पना येते. याजक, म्हणजे पुरोहित, ओळीनं उभे, रक्ताची भांडी हातोहात वेदीपर्यंत, आणि लेवी, मंदिराचे सेवक, स्तोत्रं म्हणताहेत, ११३ ते ११८. त्या ११८ व्या स्तोत्रातच "होसान्ना" आहे आणि "परमेश्वराच्या नावाने येणारा धन्यवादित असो" आहे, झावळ्या घेऊन लोक जे ओरडले तेच. आज रात्री माझ्या घरी सेदेरच्या, म्हणजे सणाच्या जेवणाच्या, टेबलावर आम्ही तीच स्तोत्रं म्हणणार. आमच्या मिश्नात, म्हणजे नियमांच्या जुन्या ग्रंथात, तर असंही आहे की वल्हांडणाची पूर्वसंध्या शुक्रवारी आली तर रोजचं अर्पण लवकर उरकायचं, साडेसहाव्या तासालाच, दुपारी साडेबाराच्या सुमारास, म्हणजे शब्बाथाच्या आत कोकरं उरकतील. घाई. त्या दिवशी सगळ्यांना घाईच होती, म्हणून तर प्रेतं वधस्तंभावर ठेवू नयेत म्हणून पिलाताकडे विनंती.

योहानाचं सगळं लक्ष वेदीकडे आहे, कोकरू मरतं त्या वेळेकडे. कोकराचं हाड मोडू नये हे बायबलातल्या निर्गम पुस्तकातलं वाक्यही तोच आणतो. बाकी तिघांचं लक्ष टेबलाकडे, भाकर आणि प्याल्याकडे. मला विचाराल तर तारखेच्या बाबतीत योहान बरोबर वाटतो, कारण सणाच्या पवित्र दिवशी मुख्य याजक खटले चालवतील, येशूला पुरणारा योसेफ बाजारातनं तागाचं कापड विकत आणेल, हे आमच्या घरात वाढलेल्या माणसाला पटणं जड जातं. पण हे माझं मत. एका फ्रेंच अभ्यासक बाईंनी १९५७ साली मांडलं की मृत समुद्राकाठच्या कुमरानला राहणाऱ्या ज्यू पंथाची ३६४ दिवसांची वेगळी दिनदर्शिका होती, त्यात वल्हांडण दर वर्षी एकाच वारी येतो, तर भोजन मंगळवारी रात्री त्या हिशोबानं झालं असेल. मग गुरुजींचा कोरा बुधवारही भरतो. सगळ्यांना ते पटलेलं नाही, पण म्हणजे हा तक्ता न जुळणारे गुरुजी एकटे नाहीत एवढं तरी खरं.

"साल कुठलं?" पाळकसाहेबांनीच विचारलं, आता त्यांनाही राहवेना. पिलात २६ ते ३६ सुभेदार होता, त्यात १४ निसान शुक्रवारी यावी अशी दोन सालं बहुतेक लोक धरतात, ३० आणि ३३. सन ३० ला ७ एप्रिल, सन ३३ ला ३ एप्रिल.

"आज ३ एप्रिल आहे," गुरुजी म्हणाले. मी लगेच सांगितलं की ते जुन्या ज्युलियन कॅलेंडरचं, आजच्या ३ एप्रिलशी सरळ जुळवू नका, पण तोवर मावशींनी डोळ्याला पदर लावला होता.

बारा ते तीन या लोकांची वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते, गावाकडे चर्चमध्ये करतात तशीच त्यांना इथे करायची होती. शहराच्या तटाबाहेर एका बागेत कोपरा मिळाला. जाताना बसमध्ये डबे उघडले, मावशींनी शंकरपाळ्या पुढे केल्या, तुपातल्या, घरून आणलेल्या, ताई एक तरी खा. मी म्हटलं मावशी आज नाही, खमीर बंद झालंय, मैदा चालत नाही. त्यांना इतकं वाईट वाटलं की अख्खं पाकीटच माझ्या पिशवीत कोंबलं, सणानंतर खा म्हणाल्या. आता ते घरात नेता येत नाही आणि परतही देववेना. मी ड्रायव्हरला दिलं. ड्रायव्हर यरुशलेमच्या ख्रिश्चन मोहल्ल्यातला, अरब ऑर्थोडॉक्स. म्हटलं आता हे तुझं. तर तो हसला, म्हणाला मलाही नाही चालत, माझा उपास चालू आहे, तूप दूध काही नाही, आमचा गुड फ्रायडे पुढच्या शुक्रवारी. गुरुजींना हे मराठीत सांगितलं तर त्यांनी वही उघडून तेही लिहून घेतलं.

उपासनेला मी सगळ्यात मागे बाकावर बसले. एरवी मी बाहेर थांबते. मराठी गीतं, आमच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या, जुन्या मराठी कीर्तनांसारखीच चाल कुठेकुठे, नगरच्या बायकांचे आवाज. घड्याळात तीनला दहा कमी. आणि मला एकदम आजी आठवली. गावाकडे पेसाखला, तिच्या भाषेत "अनाशी ढाकाचा सण", ती दारावर कागद लावायची, पांढऱ्या कागदावर बकऱ्याच्या रक्तात बुडवून उठवलेला हाताचा पंजा. लहानपणी मला भीती वाटायची त्या पंजाची. इकडे आल्यावर ते बंद झालं, आईला शेजाऱ्यांची लाज वाटली. नवव्या तासाला समोरच्या चौथऱ्यावर रक्ताची भांडी हातोहात जात होती हे मी सकाळी माईकवर सांगितलं होतं, शेकडो वेळा सांगितलेलं, पण आजीचा तो कागद आणि ती वेदी एकाच गोष्टीचे आहेत हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस.

तीन वाजता घंटा झाली. सगळे उभे राहिले, मीही राहिले.

निघताना गुरुजींनी वही दाखवली. शुक्रवारच्या रकान्यात सगळं खोडलेलं तसंच ठेवलं होतं आणि वर शाईनं लिहिलं होतं, १४ / १५. मला म्हणाले, "आता असंच राहू दे." मग विचारलं, ताई घर कुठे. लोद म्हटल्यावर म्हणाले, म्हणजे बायबलात प्रभूचा शिष्य पेत्र गेला होता ते लुद्द? हो, तेच. पळा मग, सूर्य मावळायच्या आत पोचा.

पोचले. साडेसहाच्या आत दिवे लावून झाले. जेवायच्या आधी मुलींना आजीच्या कागदाचं सांगितलं, त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, धाकटीनं विचारलं आपण का नाही करत.

ड्रायव्हर पुढच्या ग्रुपला भेटला तेव्हा १३ एप्रिल होती, सोमवार. आमचा सण संपलेला, त्याचा ईस्टर आदल्या दिवशी झालेला. त्यानं डॅशबोर्डच्या कप्प्यातनं पाकीट काढलं, तसंच बंद. आम्ही दोघांनी बसच्या पायरीवर बसून ते फोडलं, कॉफीबरोबर. दहा दिवस झाले होते तरी खुसखुशीत होत्या.