सकाळी चालतं, दुपारी बंद पडतं

निफाडजवळच्या एका पॉलिहाऊसमधला कंट्रोल बॉक्स माझ्याकडे आला तो या तक्रारीसह : सकाळी सगळं सुरळीत, पण ऊन तापलं की पंखे आणि फॉगर मध्येच बंद पडतात, मिनिटभराने आपोआप सुरू होतात, पुन्हा बंद. ढोबळी मिरचीला गारव्याची सर्वांत जास्त गरज असते नेमकी तेव्हाच. बॉक्समध्ये अर्डुइनो उनो आर३ (प्रोग्राम चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), चार रिलेंचं म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचं मॉड्यूल, १६ बाय २ चा एलसीडी आणि १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. रिलेंच्या पुढे काँटॅक्टर, म्हणजे पंखे आणि फॉगर चालू-बंद करणारे मोठे स्विच.

अशा वेळी पहिला संशय काँटॅक्टरच्या ठिणगीने बोर्ड गडबडण्यावर जातो, आणि तो रास्तच असतो. म्हणून काँटॅक्टरकडे जाणाऱ्या वायरी सोडवून नुसते रिले चालवले. चारही रिले चालू ठेवले की काही मिनिटांत बोर्ड रिसेट. म्हणजे ठिणगी नाही, प्रोग्रामही नाही. तोच प्रोग्राम लॅपटॉपच्या यूएसबीवर तासन्‌तास चालत होता.

मल्टिमीटर ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनवर लावला. एक रिले चालू असताना ४.९८ व्होल्ट, चार चालू असताना सुरुवातीला तेवढेच. मग एकदम घसरगुंडी, रिले सुटले, आणि थोड्या वेळाने पुन्हा पाच. हे रेग्युलेटर, म्हणजे अ‍ॅडॉप्टरच्या १२ व्होल्टचे ५ करणारी बोर्डवरची चिप, तापून स्वतःला बंद करत असल्याचं स्पष्ट लक्षण.

हिशेब मांडला. ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची, म्हणजे ७१ मिलिअँपिअर. चार रिलेंचे २८५, त्यात बोर्ड आणि एलसीडी धरून सुमारे ३६०. अ‍ॅडॉप्टरच्या जॅकमागच्या डायोडवर ०.७ व्होल्ट जातात, उरले ११.३. त्यातले ५ वापरात येतात, बाकीचे ६.३ व्होल्ट रेग्युलेटर उष्णतेत घालवतो : ६.३ गुणिले ०.३६, म्हणजे जवळजवळ २.३ वॉट. बोर्डवरचा हा रेग्युलेटर, एनसीपी१११७, एक अँपिअरचा आहे, असं सगळे सांगतात. तो एक अँपिअर भरपूर थंडावा मिळाला तरचा. बोटाच्या पेराहून लहान अशा त्या चिपला आधार फक्त बोर्डवरच्या तांब्याचा. एक-दीड वॉटच्या पुढे तिची दमछाक होते. त्यात दुपारी बंद बॉक्समधली हवाच तापलेली.

यूएसबीवर चालण्याचं कारणही इथेच आहे. यूएसबीचे ५ व्होल्ट या रेग्युलेटरमधून जातच नाहीत. ५०० मिलिअँपिअरच्या पॉलिफ्यूजमधून (आपोआप पूर्ववत होणाऱ्या फ्यूजमधून) थेट येतात. आणि जॅकवर साधारण ६.६ व्होल्टच्या वर वीज असेल तर बोर्डवरची एलएम३५८ ही व्होल्टेजची तुलना करणारी चिप यूएसबीची वाट बंद करते. त्यामुळे अ‍ॅडॉप्टर जोडलेला असताना लॅपटॉप लावून रिलेंना जास्तीचा करंट मिळेल ही आशा फोल. तपासणी नेहमी ज्या वीजपुरवठ्यावर यंत्र चालणार त्याच्यावरच करावी, असा माझा आग्रह आहे.

९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला असता तरी १.२ वॉट उरलेच असते. पावसाळ्यात चाललं असतं, मे महिन्यात भरवसा नाही. म्हणून रिलेंचा भार बोर्डवरून काढला. एलएम२५९६ चं बक मॉड्यूल (फारसं न तापता व्होल्टेज उतरवणारं) १२ व्होल्टवर जोडलं, काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर लावून स्क्रूने ५.० व्होल्टवर आणलं. रिले मॉड्यूलवरचा जेडी-व्हीसीसी (कॉइलचा पुरवठा) आणि व्हीसीसी (इनपुटच्या बाजूचा पुरवठा) यांच्यामधला जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, काढला, बकचे ५ व्होल्ट जेडी-व्हीसीसीला आणि बकचा ग्राउंड मॉड्यूलच्या ग्राउंडला दिला. व्हीसीसी आणि चारही इनपुट बोर्डकडेच राहिले. जंपर तसाच ठेवला तर दोन ५ व्होल्टचे पुरवठे एकमेकांना भिडतात.

आता बोर्डच्या रेग्युलेटरवर ८० मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे अर्धा वॉट. चारही रिले चालू ठेवून, झाकण लावून, बॉक्स भर दुपारी उन्हात ठेवला. ५ व्होल्ट पिनवरचा आकडा हलला नाही.

जागा वाचवायला रिलेची कॉइल थेट पिनला जोडता येईल का, असं तिथे विचारलं गेलं. अजिबात नाही. बोर्डवरच्या मुख्य चिपच्या, एटीमेगा३२८पी च्या, पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर, रोजच्या वापरात २० च्या आत राहावं, आणि सगळ्या चिपची मिळून २००. कॉइल एकटीच ७१ मागते.