पसरणीच्या घाटात ऐकायचं कसं

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला एखादा मधला वार धरून आम्ही ख्रिस्ती मंडळी देवाचा आवाज ऐकायला वाईहून पाचगणीला चालत जातो. शनिवार-रविवारी घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रीघ असते. तेव्हा ऐकणं बाजूलाच राहतं, जीव सांभाळण्यात दिवस जातो. पहाटे ५ ला कृष्णेकाठी जमायचं, एक स्तोत्र म्हणायचं आणि निघायचं. वाट १२-१३ किलोमीटरची. बायबलात लूकच्या २४व्या अध्यायातलं अम्माऊस गाव यरुशलेमपासून ६० स्टेडिया, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. जवळपास एवढंच. तिथं निघालेले दोन शिष्य वाटभर पुन्हा उठलेल्या प्रभू येशूबरोबर चालले, पण ओळख पटली भाकर मोडताना. वाटेत आपलं अंतःकरण आतून पेटलं होतं, हेही त्यांना मागाहूनच उमगलं. म्हणून प्रत्येकाच्या खिशात वही असते.

ख्रिस्ती माणसानं याला वारी म्हणावं का, असं कोणी विचारतं. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, आणि १९१७ मध्ये याच जिल्ह्यात, साताऱ्याला, त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. आम्हाला तेवढं पुरतं.

पसरणी गावापर्यंत मोकळेपणानं बोलायचं. कर्जाचा हप्ता, मुलीचं स्थळ, घरातलं दुखणं, सगळं बाहेर येऊ द्यायचं. अम्माऊसच्या वाटेवरही प्रभूनं आधी विचारलं होतं, तुमचं काय बोलणं चाललंय? हा टप्पा गाळला की पुढच्या शांततेत तीच गाऱ्हाणी डोक्यात घुमत राहतात.

चढ लागला की मौन. ४० मिनिटं चालणं, १० मिनिटं बसून लिहिणं. असं तीनदा केलं की माथा येतो. नाकानं श्वास घेता येईल एवढ्याच वेगानं चालावं, कारण धाप लागली की मन धापेपलीकडे जात नाही. सोबत एकच वचन घ्यावं, रात्री देवाची हाक ऐकणाऱ्या बायबलातल्या लहानग्या शमुवेलाचं: बोल, तुझा दास ऐकत आहे. रस्त्याच्या उजव्या कडेनं, एकामागे एक, समोरची गाडी दिसेल असं चालायचं. आंधळ्या वळणावर मौन मोडून मागच्याला हाक द्यायची. मोबाइल एकाचाच चालू, बाकीचे बंद. लिहायला पेन्सिल बरी, घामेजल्या हातानं शाई पसरते. खाली धोमचं पाणी उजळायला लागतं तेव्हा बहुतेकांची दुसरी बैठक चाललेली असते.

वहीची ही सवय पाचगणीला जुनी आहे. फ्रँक बुकमन या अमेरिकन पाळकानं सुरू केलेल्या चळवळीचं एशिया प्लॅटो हे केंद्र राजमोहन गांधींच्या पुढाकारानं १९६०च्या दशकात इथं उभं राहिलं. सकाळी शांत बसावं, मनात येईल ते लिहावं आणि प्रामाणिकपणा, शुचिता, निःस्वार्थीपणा, प्रेम या चार कसोट्यांवर घासून पाहावं, ही त्यांची शिस्त. आम्ही शास्त्रवचनाची कसोटी त्याआधी लावतो. योहानाच्या पहिल्या पत्रात आत्म्यांची परीक्षा करा असं सांगितलंय, ते काही उगाच नाही.

खरी अडचण इथंच येते. मनात आलेलं सगळं देवाचं नसतं. ‘तू कामाचाच नाहीस’ असा आवाज आला तर तो लिहावा आणि त्यावर काट मारावी. तो धुक्यासारखा सगळीकडे पसरतो, धरायला काही देत नाही. पवित्र आत्मा बोट ठेवतो ते नेमकं, त्या माणसावर, त्या रकमेवर, त्या शब्दावर. ‘बांधावरून चुलतभावाशी बोलणं बंद आहे, आज फोन कर.’ अशी ओळ उतरली की ती गंभीरपणे घ्यावी, विशेषतः ती आपल्याला नको असेल तर. दुसऱ्याबद्दलची ओळ मात्र खोडावी. सुनेनं काय करावं हे देव सासूच्या वहीत लिहून देत नाही, आणि ‘देवानं मला सांगितलं’ म्हणून दुसऱ्यावर हुकूम चालवण्यानं मंडळीत फार जखमा झाल्या आहेत.

मन कोरडं, खचलेलं असेल त्या दिवशी आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. हा लोयोलाच्या संत इग्नेशियसचा नियम, आणि आमच्या अनुभवानं तो पक्का आहे. नोकरी सोडायचे बेत बहुधा चढाच्या शेवटच्या टप्प्यात सुचतात.

दांडेघरच्या अलीकडे सावली बघून बसतो. भाकरी, पिठलं, कांदा. इथं दोघादोघांनी आपल्या वहीतली एकेक ओळ वाचून दाखवायची. ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही. शमुवेलाला सांभाळणाऱ्या एली याजकालाही, पोराला देव हाक मारतोय हे तिसऱ्या खेपेला उमगलं, आणि त्यानं अर्थ सांगितला नाही, फक्त पुन्हा जाऊन नीज आणि हे उत्तर दे एवढं सांगितलं. तसंच इथंही दोनच प्रश्न पुरतात: हे शास्त्राला धरून आहे का? आणि केव्हा करणार? मोठा निर्णय असेल तर तो पाळकांपुढे किंवा फादरांपुढे ठेवायचा, घाईनं नाही.

कुणाची वही कोरी राहते. त्यानं तसंच सांगावं. ओढूनताणून लिहिलेली ओळ कोऱ्या पानापेक्षा वाईट.

परतीला पाचगणीहून एसटी. बांधाचा फोन मात्र गाडी सुटायच्या आधी, स्टँडवरूनच करायचा. वाईला उतरल्यावर तो उद्यावर जातो.