काकांचं केशरी जॅकेट

"काय काका, समृद्धीवर ड्युटी लागली का?" हा जोक आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधल्या एका पोराने मारला आणि खरं सांगते, सगळ्यात मोठ्याने मीच हसले. रात्रीचे पावणेदोन, नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ टेम्पो ट्रॅव्हलर उभी, फेब्रुवारीची थंडी, आणि साठीला आलेले एक काका स्वेटरवर भडक केशरी जॅकेट आणि डोक्यावर तसलीच टोपी घालून आलेले, रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात ना अगदी तसलं.

मी आठवडाभर अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि शनिवार-रविवार ट्रेक नेते. नऊ वर्षं झाली. त्यामुळे ट्रेकला काय घालावं यावर माझं एक लेक्चर पाठ आहे, भडक रंग नकोत, परफ्यूम नको, मोठ्याने बोलायचं नाही, जंगलात आपण पाहुणे. ग्रुपचा टीशर्टसुद्धा मीच डिझाईन केलाय, गडद मेंदी रंगाचा. काकांना मी गोडीत म्हटलं, आत घाला ना ते, प्राणी बुजतात. तर ते हसले आणि म्हणाले, "अगं मुलाकडे पेनसिल्व्हेनियात होतो दोन महिने, तिथली सवय लागलीय. आणि हरणाला केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्याला तो हिरव्यातच मिसळून जातो. दिसतो तो फक्त माणसाला."

गाडीत गिरणारे जाईपर्यंत मग तोच विषय. तिकडे हिवाळ्याच्या तोंडाला हरणांच्या शिकारीचा सीझन असतो, तारखा आधीच जाहीर झालेल्या असतात, आणि सरकारी शिकारक्षेत्रात १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर नुसतं फिरायला जाणाऱ्यानेही केशरी घालावं लागतं, डोकं-छाती-पाठ मिळून २५० चौरस इंच. लोक कुत्र्यालासुद्धा केशरी पट्टा बांधून नेतात म्हणे. मी म्हटलं काका, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, आपल्याकडे कसला सीझन. काका म्हणाले बरोबर आहे, आणि खिडकीतून काश्यपी धरणाकडे बघत बसले. अंधारात काय दिसत होतं देव जाणे.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. हरसूलच्या अलीकडे कुठेतरी समजा. तिथे आमचा नेहमीचा वाटाड्या आहे, त्याला सगळे मामा म्हणतात. ट्रेकची जाहिरात मी 'मिल्की वे आणि सनराइज' अशी केली होती, कारण फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे चारनंतर आकाशगंगेचा मधला भाग आग्नेयेकडे वर येतो आणि अमावस्येच्या आसपास शहरापासून लांब तो नुसत्या डोळ्यांनी काय दिसतो, बघाच एकदा. आम्ही तेरा लोक, मी, माझा असिस्टंट आणि मामा, असे सोळा जण पावणेचारला चालायला लागलो. निघताना मामा म्हणाला, "ताई, पानवठ्यावरून नको, वरच्या अंगानं जाऊ." मी म्हटलं अर्धा तास वाढतो मामा, आकाश उजळायला लागलं की संपलं सगळं. तो एकदा माझ्याकडे बघून गप्प झाला आणि पुढे चालायला लागला. नऊ वर्षांत हा माणूस वाटेवरून माझ्याशी कधी बोलला नव्हता, तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण डोक्यात जाहिरात.

डोळे अंधाराला सरावावेत म्हणून मी सगळ्यांना हेडलॅम्प लाल मोडवर टाकायला लावले, नंतर तेही बंद. बोलणं बंद. सागाचा वाळलेला पाला पायाखाली चुरचुर वाजतोय तेवढाच आवाज. मध्ये एकदा थांबून मीच मुलींना सांगितलं, कुणाला जायचं असेल तर त्या करवंदीच्या जाळीमागे जा, वाटेपासून लांब जाऊ नका. दोघी जाऊन आल्या. पुढे शे-दीडशे पावलांवर, पाणवठ्याच्या वरच्या वळणावर, बार झाला.

फटाक्यासारखा कडक आवाज नव्हता तो. जड, 'धप्प' असा, आणि मग दरीत घुमत राहिला, त्यामुळे नक्की कुठून आला हेच कळेना. आमच्या डावीकडे वरच्या फांद्यांमधून सर्रकन काहीतरी गेलं आणि पानं पडली. छर्रे. हे मला नंतर कळलं, तेव्हा फक्त पानं पडताना ऐकू आली.

मी काय केलं? दबक्या आवाजात म्हटलं, "खाली बसा, लाईट लावू नका, आवाज करू नका." म्हणजे जे करायचं नाही नेमकं तेच. मागून काकांचा आवाज आला, एकदम वेगळा, बँकेतल्या साहेबासारखा, "अजिबात नाही. सगळ्यांनी लाईट लावा, पांढरा, फुल. बसा, पण बोला मोठ्याने, काहीही बोला. पळू नका कुणी." आणि त्याच क्षणी मामा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायला लागला, "मान्सं हायेत रं! ओ! मान्सं हायेत, बाया-पोरं हायेत!" काकांनी शिट्टी काढली. मी मुलांना हजेरी द्यायला लावली, एक, दोन, तीन, परत एक, दोन, तीन, शाळेच्या पीटीसारखी. एक मुलगी रडत रडत आपला नंबर ओरडत होती. दोन मिनिटांनी खालून पाल्यातून कुणीतरी धावत गेल्याचा आवाज आला, एकापेक्षा जास्त पायांचा, आणि मग फक्त वास, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत असतो तसला.

नंतर मामाने समजावलं ते तेव्हा माहीत असतं तर माझे पाय इतके लटपटले नसते. ठासणीची बंदूक होती ती, आवाजावरून त्याला कळलं. तिच्यात एक बार झाला की परत दारू ओता, चिंधी कोंबा, गजाने ठासा, छर्रे टाका, वर केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, लावा, एवढा सगळा कुटाणा अंधारात करायचा, म्हणजे मिनिटभर तरी हाताशी असतं. त्या मिनिटात समोरच्याला कळलं पाहिजे की हे जनावर नाही. बॅटरी मारल्यावर चमकतो तो डोळा आणि हलतं ते झुडूप, यापलीकडे त्याला काही दिसत नसतं, आणि बहुतेक तोच घाबरलेला असतो. आम्ही सोळा जण गडद कपड्यात, लाईट बंद करून, चिडीचूप पाणवठ्यावर चाललो होतो. डुकराचा कळपच झाला की! आणि अमावस्येची रात्र मी तारे दिसावेत म्हणून निवडली होती, त्यानेही अंधारासाठीच निवडली असणार.

वर जायचा प्रश्नच नव्हता. सगळे लाईट लावून, बोलत बोलत, आलो त्याच वाटेने खाली भाताच्या मोकळ्या खाचरात येऊन बसलो. आडवाटेने शॉर्टकट नाही, झाडीत घुसणं नाही, यावर मामा आणि काका दोघंही ठाम. तिथे एका पोराने मला विचारलं की मॅडम, इथून सनराइज दिसेल का. मी उत्तर दिलं नाही.

उजाडल्यावर लक्षात आलं की एकाची सॅक वरच राहिलीये आणि तिच्यात घराच्या किल्ल्या. साडेसातला, चांगलं लख्ख झाल्यावर, मी आणि मामा गेलो. सॅक मिळाली. येताना त्या करवंदीच्या जाळीपाशी मामा थांबला आणि काठी आडवी धरून मला अडवलं. मला आधी काही दिसेचना. मग दिसली. बाईकची क्लचवायर, सरकगाठीचा फास, जाळीच्या बुडाशी जनावरांच्या येण्याजाण्याची जी बोगद्यासारखी वाट पडते तिथे गुडघ्याच्या खाली लावलेला. दुसरं टोक सागाच्या बुंध्याला. आणि त्या बुंध्याची साल तारेने गोल घासून घासून पार आतलं लाकूड दिसेपर्यंत निघालेली, म्हणजे याआधी कुणीतरी अडकलं होतं आणि बराच वेळ ओढत होतं. तारेच्या पिळात दोन राठ काळे केस. जिथे मी मुलींना अंधारात पाठवलं होतं तिथून चार पावलं. माणसाचा घोटा अडकला तर सोडवता येईल, पण लावला डुकरासाठी आणि अडकला बिबट्या, असं आपल्या भागात होतंच की, आणि फासातल्या जिवंत बिबट्याच्या शेजारी जाऊन बसायचं म्हणजे...

मी हात लावणार होते, मामाने लावू दिला नाही. घाटाच्या तोंडाशी रेंज आल्यावर वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन केला. दोन तासांनी वनरक्षक बाईकवर आले. त्यांनी आधी मला झापलं, रात्री कुणाच्या परवानगीने आत गेलात म्हणून, आणि ते बरोबरच होतं, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग पंचनामा. शोधल्यावर आजूबाजूला अजून पाच फास निघाले. त्यांनीच सांगितलं की कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, फास लावणं, सापळा लावणं, नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. आणि वाटेत कणकेच्या गोळ्यासारखं किंवा सुतळी गुंडाळलेलं काही दिसलं तर पायाने उडवू नका, डुकरासाठी गावठी बॉम्ब ठेवतात काही जण, कुत्र्यांची आणि गाईंची तोंडं फुटतात त्याने.

पंचनाम्यावर सही करायच्या वेळी मामा बाजूला जाऊन बिडी ओढत उभा होता. मी गेले तर हळूच म्हणाला, "ताई, माझं नाव नका घालू. मला इथंच ऱ्हायचंय." मी चिडून म्हटलं, मामा तुम्हाला माहीत होतं तर स्पष्ट सांगायचं ना मला. "काय सांगनार? कोन हाय ते मला म्हाईत नाय. म्हाईत असतं तरी?" मग थोड्या वेळाने स्वतःहूनच बोलला, की डुकरं एका रात्रीत नागलीचं वावर लोळवून जातात, वर्षाचं खाणं जातं, भरपाईला तालुक्याला खेटे. त्या बंदूकवाल्याची बाजू घेत नव्हता तो, आणि मीही घेत नाहीये, बारा-पंधरा माणसांच्या डोक्यावरून छर्रे गेलेत. पण त्या दिवशी शहरातून सनराइज बघायला आलेल्या बाईने मामाला यावर काही ऐकवावं असं मला वाटलं नाही.

परतीच्या गाडीत बघते तर एकीने रील टाकलेलं, 'शॉट अॅट, लिटरली', लोकेशनसकट, आणि त्यात मामाचा चेहरा. ते तिथल्या तिथे डिलीट करायला लावलं. दोघांनी सनराइज झाला नाही म्हणून अर्धे पैसे परत मागितले. दिले. मिसळ खाताना काकांची कुणी चेष्टा केली नाही, उलट जॅकेट कुठून घेतलं याच्या चौकशा.

त्यानंतर मी अंधारात चालणं बंद केलंय, तारे बघायचे तर गावातल्या अंगणात नाहीतर खळ्यात, वाट चालायची ती उजेडात. पाणवठ्याची वाट सकाळी-संध्याकाळी नाही. मामा म्हणेल ती वाट, कारण विचारायचं नाही. शांततेचं लेक्चर अर्धं केलंय, स्पीकर अजूनही चालत नाही पण गप्पा मारत चाला म्हणते. आणि सातपूरला सेफ्टी शूज-हेल्मेट मिळतात त्या दुकानातून वीस केशरी जॅकेटं आणली, वीसच्या वीस एक्सएल निघाली, पोरींच्या गुडघ्यापर्यंत येतात.

पुढच्या ट्रेकला ती गावात नेली, वाटली, संध्याकाळी परत मोजून घेतली तर एक कमी. मामा दारात उभा, हातात घडी घातलेलं जॅकेट. "ताई, ह्ये ठेवू का एक? बायको जाती ना रोज पहाटंचं, सरपनाला."

आता हिशोबाच्या वहीत एकोणीस आहेत.